विश्लेषण : एमएमएस फसला, व्हॉट्सॲप रुजले… फोटोंनी मोबाइल डेटा घरोघरी कसा पोहोचवला?

उत्तर नागपुरातील जरीपटक्याच्या बाजारात दुकानाचे शटर वर जाते आणि नव्या मालाचे फोटो ग्राहकांच्या मोबाइलवर पोहोचू लागतात. ड्रेस मटेरियल असो की केक, ‘फोटो टाका, मग सांगतो’ हे वाक्य आता सौद्याचाच भाग झाले आहे. हीच गोष्ट वीस वर्षांपूर्वीही तांत्रिकदृष्ट्या शक्य होती. मग तेव्हा का झाली नाही?

सुरुवात कुठून?

जपानमध्ये जे-फोन कंपनीने नोव्हेंबर २००० मध्ये शार्पचा कॅमेरा असलेला फोन आणला. काढलेला फोटो त्याच फोनवरून मेल करता येई. ‘शा-मेल’ नावाने ही सोय एवढी गाजली, की प्रतिस्पर्ध्यांनाही कॅमेरा फोन आणावे लागले. भारतातही २००२-०३च्या सुमारास एमएमएस आले. सगळ्यांना वाटले, आता लोक धडाधड फोटो पाठवतील!

एमएमएस का रुजला नाही?

आधी कंपनीकडून ‘सेटिंग्ज’चा मेसेज मागवायचा, तो सेव्ह करायचा, फोन बंद करून सुरू करायचा. समोरच्याचा फोन साधा असेल तर फोटोऐवजी नुसती लिंक जायची. फोटो साधारण ३०० केबीच्या आत बसवावा लागे आणि प्रत्येक फोटोचे वेगळे काही रुपये कापले जात. पुढे तर एमएमएस हा शब्द बातम्यांमध्ये आक्षेपार्ह क्लिपपुरताच उरला.

व्हॉट्सॲपने वेगळे काय केले?

फोटोमागे पैसे लागणे बंद झाले. फोटो आपोआप लहान होऊन इंटरनेटवरून जाऊ लागला आणि फोनमधला नंबर हाच पत्ता ठरला. हिशेब करून पाहा. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांच्या आसपास पडत होता. त्या ‘महाग’ दरानेही २०० केबीचा फोटो साधारण पाच पैशांत जात होता! ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, दर कोसळले आणि हे पाच पैसेही उरले नाहीत. २०१४ मध्ये डेटा ग्राहकाचा मासिक वापर सरासरी ६२ एमबी होता; दहा वर्षांत तो २० जीबीच्या पुढे गेला. अर्थात यातला मोठा वाटा आता व्हिडीओचा आहे. फोटोने दार उघडले, आत शिरला तो व्हिडीओ.

फोटोच का?

कारण त्याला फॉन्ट लागत नाही. जुन्या फोनवर मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसायचे, हे अनेकांना आठवत असेल. जरीपटका ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची मोठी वसाहत. सिंधी अरबी लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही. टाइप करायचे म्हटले तर पंचाईतच. पण चेटीचंडच्या शुभेच्छांचे चित्र आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाहता येते. ‘गुड मॉर्निंग’च्या गुलाबांचेही तेच. ते इतके साचले, की २०१८ मध्ये गूगलने आपल्या फाइल्स ॲपमध्ये असे फोटो शोधून पुसण्याची सोय दिली. दुकानदारांसाठी त्याच वर्षी व्हॉट्सॲप बिझनेस आले, पुढच्या वर्षी त्यात कॅटलॉग.

बिल कोण भरते?

डेटा स्वस्त झाला तरी रिचार्ज स्वस्त राहिला नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यातच बहुतेक पॅकमध्ये डेटा बांधलेलाच असतो. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तेही न पाहिलेल्या फोटोंचे पैसे भरत होते. अखेर २३ डिसेंबर २०२४ रोजी ‘ट्राय’ने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. घरातल्या ज्येष्ठांचा रिचार्ज करताना हा पॅक दुकानदाराकडे मुद्दाम मागा. आणि रोजचा डेटा दुपारीच संपत असेल, तर व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन व्हिडीओचे ऑटो-डाउनलोड बंद करा. फोटोंचे सुरू ठेवलेत तरी चालेल. दीड जीबीत २०० केबीचे साडेसात हजार फोटो मावतात.