नवरा बेपत्ता, सही बायकोची

आजचा विषय जरा वेगळा आहे. माणूस हरवतो तेव्हा घरावर काय कोसळतं, हे आपल्याला माहीत आहे. पण माणूस हरवलेलाच नसेल, नुसता हरवल्याचा देखावा केला असेल, तर? त्याची किंमत कोण मोजतं? आज एक घडलेली गोष्ट सांगते. ती आहे इंग्लंडमधली, पण तिच्यातलं शहाणपण आपल्या गावातही उपयोगी पडेल.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल शहराजवळ सीटन कॅरू नावाचं गाव आहे. तिथे जॉन डार्विन आणि त्याची बायको अ‍ॅन राहत होते. जॉन आधी शिक्षक होता, नंतर तुरुंगात नोकरीला लागला. दोन मुलं, तीही कर्ती झालेली. भाड्याने द्यायला म्हणून जॉनने कर्ज काढून घरं घेतली. हप्ते डोईजड झाले. दिवाळं निघायची वेळ आली.

21 मार्च 2002 रोजी जॉन एकट्याने वल्हवायची छोटी होडी घेऊन समुद्रात गेला. रात्रपाळीला कामावर पोचला नाही. अ‍ॅनने नवरा परत आला नाही म्हणून कळवलं. बोटी निघाल्या, हेलिकॉप्टर निघालं. आधी वल्हं सापडलं, काही आठवड्यांनी मोडकी होडी सापडली. जॉन मात्र सापडला नाही. सापडणार कसा? तो बुडालाच नव्हता. काही काळ बाहेर लपून राहिला आणि मग घरी परतला. डार्विन कुटुंबाची शेजारी शेजारी दोन घरं होती. तो दुसऱ्या घरातल्या खोलीत राहायचा. मधल्या भिंतीला भोक पाडलं होतं आणि ते कपाटामागे झाकलं होतं. कोणी आलं की तो त्या वाटेने पलीकडे जायचा.

एप्रिल 2003 मध्ये चौकशी होऊन जॉन मेला असं सरकारदरबारी नोंदलं गेलं. विम्याचे आणि पेन्शनचे पैसे आले. अर्जांवर सह्या कोणाच्या? अ‍ॅनच्या. विधवा म्हणून लोकांसमोर रडली कोण? अ‍ॅन. आणि बाप गेला म्हणून दोन्ही मुलं शोक करत होती, तेव्हा बाप कुठे आहे हे माहीत असून गप्प राहिली, तीही अ‍ॅनच.

जॉनने एका मेलेल्या बाळाचं नाव वापरून खोटा पासपोर्ट काढला. दोघांनी मध्य अमेरिकेतल्या पनामा देशात मालमत्ता घेतली. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तिथे राहण्याच्या परवान्याचे नियम बदलले. खोट्या नावावर निभावणं अवघड झालं. तेव्हा 1 डिसेंबर 2007 रोजी जॉन लंडनच्या पोलीस ठाण्यात स्वतःच हजर झाला आणि म्हणाला, मला गेल्या काही वर्षांचं काहीच आठवत नाही. मुलं आनंदाने वेडी झाली. तो आनंद चार दिवसही टिकला नाही. एका बाईने इंटरनेटवर 'जॉन, अ‍ॅन, पनामा' एवढे तीन शब्द टाकून शोधलं, तर 2006 सालचा एक फोटो निघाला. पनामातल्या घरविक्रेत्याच्या शेजारी नवराबायको हसत उभे! आपल्याला पाच वर्षं फसवलं हे मुलांना त्या फोटोवरून कळलं.

आता पुढचं नीट ऐका. जॉनने गुन्हा कबूल केला. अ‍ॅनने केला नाही. तिचं म्हणणं होतं की नवऱ्याने दबाव आणला, त्याच्यापुढे माझं काही चालत नव्हतं. तेव्हा इंग्लंडच्या कायद्यात बायकांसाठी अशा बचावाची तरतूद होती. पण तिच्या सह्या, तिचे निरोप, तिने बँकेत हलवलेले पैसे, सगळं समोर होतं. स्वतःच्या मुलांनी तिच्या विरोधात साक्ष दिली. सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी तिला दोषी ठरवलं. जुलै 2008 मध्ये शिक्षा झाली. जॉनला 6 वर्षं 3 महिने, अ‍ॅनला 6 वर्षं 6 महिने. बेत नवऱ्याचा, पण शिक्षा बायकोला तीन महिने जास्त! मालमत्ताही सगळी तिच्या नावावर होती, म्हणून जप्ती आली ती तिच्यावर. जॉनच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळे त्याने भरायची रक्कम सुरुवातीला अवघा एक पौंड ठरली. आणि नवऱ्याच्या दबावाचा तो बचाव इंग्लंडने 2014 साली कायद्यातूनच काढून टाकला.

पुढे नवराबायको वेगळे झाले. मुलांशी अ‍ॅनचं नातं हळूहळू जुळलं, पण त्याला वर्षं लागली.

मैत्रिणींनो, आपल्याकडे समुद्र नसेल, पण कर्ज आहे. सावकाराचं, बँकेचं, गटाचं. गटातल्या कर्जाबरोबर पुष्कळदा कर्जदार आणि तिच्या नवऱ्याचा विमाही उतरवलेला असतो. म्हणून घरातून 'मी कुठे गेलो ते माहीत नाही असं सांग', 'इथे सही कर' असं कोणी म्हणालं, तर थांबा. पोलिसांना खोटी माहिती देणं आणि खोट्या कागदावर विम्याचे पैसे घेणं, हे दोन्ही आपल्याकडेही गुन्हे आहेत. फसवणुकीला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवऱ्याने सांगितलं म्हणून सही केली, एवढ्याने सुटका होत नाही. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या गटातल्या बायकाही अडचणीत येतात.

आता दुसरी बाजू. नवरा खरोखरच निघून गेला, तर काय करायचं?

पहिली गोष्ट, 24 तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. लगेच पोलीस ठाण्यात जाऊन मिसिंगची तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या. सोबत फोटो, अंगावरचे कपडे, मोबाईल नंबर आणि शेवटचा कुठे दिसला ती माहिती द्या. ही प्रत जपून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तीच मागतात.

दुसरी गोष्ट, हरवलेला माणूस कायद्याने लगेच मेलेला धरत नाहीत. ज्यांना त्याची खबर मिळायला हवी होती, त्यांना 7 वर्षं काहीच कळलं नाही, तर न्यायालय तो मृत झाला असं मानू शकतं. 1872 सालच्या जुन्या पुरावा कायद्यात हे होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्येही तेच आहे. पण 7 वर्षं झाली की आपोआप दाखला मिळतो असं नाही. दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो.

तिसरी गोष्ट, विम्याचा हप्ता बंद करू नका. तो माणूस नेमका कधी मेला हे कायदा गृहीत धरत नाही. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली, तर पूर्ण रक्कम मिळत नाही. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. झेपत नसेल तर विमा कार्यालयात जाऊन विचारा, पण गप्प बसू नका.

चौथी गोष्ट, तो जिवंत आहे आणि जबाबदारी टाकून गेला आहे असं कळलं, तर 7 वर्षं वाट पाहायची गरज नाही. स्वतःसाठी आणि मुलांसाठी पोटगी मागता येते. वकिलाचा खर्च कसा करायचा? स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 या नंबरवर फोन करा.

खोट्या बेपत्ता होण्याने आणखी एक नुकसान होतं. एक खोटी तक्रार पकडली गेली की पुढच्या खऱ्या बाईकडे संशयाने पाहिलं जातं. 'गेला असेल कुठेतरी, येईल' असं तिला ऐकवलं जातं. म्हणून एकीचं खोटं दुसरीच्या वाट्याला येतं.

पुढच्या बैठकीत गटात एवढं करा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या विम्याचे आणि कर्जाचे कागद आणा. कुठे कोणाची सही आहे, वारस म्हणून कोणाचं नाव आहे, हे एकमेकींना वाचून दाखवा. जिला वाचता येत नाही तिचे कागद आधी वाचा. आणि कर्जाने कोणाचं घर गळ्यापर्यंत बुडालं असेल, तर ती गोष्ट तिथेच बोला. हप्ते वाढवून मागता येतात, मुदत मागता येते. अ‍ॅनने पहिल्याच दिवशी कोणाला तरी खरं सांगितलं असतं, तर घर कदाचित गेलं असतं, पण मुलं गेली नसती.

सही करताना हात आपला असतो, तसा तो थांबवायचा हक्कही आपलाच असतो.