खाडीच्या मुखाशी स्पेनच्या राजाचं शहर

आमच्या विठ्ठलवाडीतून हल्ली युरोपला जाऊन येणारी माणसं कमी नाहीत. स्पेनला गेलेले सगळे माद्रिदहून एक दिवस काढून तोलेदो बघून येतात. वेगवान गाडीनं जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. ताहो नदीच्या वळणात, खडकाळ टेकडीवर, तटबंदीच्या आत वसलेलं हे जुनं शहर. १५६१ साली राजा दुसऱ्या फेलिपेनं दरबार इथून माद्रिदला हलवला. मुख्य वेशीवर त्याच्या वडिलांचं, सम्राट पाचव्या कार्लोसचं दोन तोंडांच्या गरुडाचं राजचिन्ह आजही आहे. आत ९९९ सालची मशीद आहे, पुढं चर्च झालेलं जुनं ज्यू प्रार्थनास्थळ आहे आणि १२२६ साली बांधायला घेतलेलं कॅथीड्रलही आहे. गाइड सोबत असला की तो एकेका भिंतीपाशी थांबवतो, हा थर कुणाचा आणि तो कुणाचा ते सांगतो, आणि संध्याकाळी माणसं माद्रिदला परततात ती शहर समजल्याच्या समाधानात.

हे वर्णन ऐकलं की मला वसई आठवते. ज्या फेलिपेनं तोलेदो सोडलं, त्याच फेलिपेची सत्ता वीस वर्षांनी आपल्या वसईवर आली आणि पुढं साठ वर्षं ती त्याच्या घराण्याकडं राहिली. झालं ते असं. १५७८ साली पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोच्या लढाईत पडला. त्याला मूल नव्हतं. त्याच्या जागी आलेले वृद्ध कार्डिनल एन्रिक १५८० च्या जानेवारीत वारले. फेलिपेची आई पोर्तुगालची राजकन्या होती. त्या नात्यानं त्यानं गादीवर हक्क सांगितला, फौज पाठवली, आणि १५८१ साली तोमार गावी भरलेल्या सभेत पोर्तुगालनं त्याला राजा मानलं. १६४० च्या १ डिसेंबरला लिस्बनमध्ये उठाव होईपर्यंत गोवा, चौल, वसई, दमण या सगळ्यांचा धनी माद्रिदमध्ये बसत होता. कारभार पोर्तुगीजांच्याच हाती ठेवण्याचं वचन फेलिपेनं दिलं होतं, त्यामुळं वसईत स्पॅनिश कप्तान आले नाहीत. तरीही वसईत आज आपण ज्या मोठ्या इमारतींचे सांगाडे पाहतो, त्यांतल्या कितीतरी या साठ वर्षांत उभ्या राहिल्या किंवा नव्यानं बांधल्या गेल्या.

तेव्हा तोलेदोला जमेल तेव्हा जावं. वसईला मात्र येत्या हिवाळ्यातच जाऊन यावं, आणि जाणकार सोबत घेऊनच जावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

विठ्ठलवाडीहून वसईला दादरमार्गे जाता येतं. दिवा–वसई मार्गानं जाण्यात खरी गंमत आहे. विठ्ठलवाडीहून लोकलनं दिव्याला किंवा कोपरला यायचं आणि तिथून मेमू पकडायची. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून वेळापत्रक बघून निघावं. गाडी उल्हास नदीची खाडी ओलांडते आणि भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र करत वसई रोडला पोचते. भिवंडी रोड स्टेशन अंजूरफाट्याला आहे. अंजूर म्हणजे गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. पोर्तुगीजांच्या धर्मजाचाला कंटाळलेल्या साष्टी-वसईच्या रयतेची दाद पेशव्यांपर्यंत नेण्यात आणि पुढं मराठ्यांच्या वसई मोहिमेला वाटा दाखवण्यात गंगाजी आणि त्यांच्या भावांचा मोठा हात होता. गाइड मंडळी गोष्ट वसईच्या दरवाज्यापासून सुरू करतात. माझ्या मते ती अंजूरपासूनच सुरू व्हायला हवी.

आणि त्याआधी पाण्यापासून. आमच्या स्टेशनजवळून वाहणारी वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून येते आणि कल्याणपाशी उल्हासच्या खाडीला मिळते. ती खाडी ठाण्यावरून, घोडबंदरावरून पुढं सरकते आणि समुद्राला मिळते ती वसईच्या किल्ल्याच्या दक्षिण अंगाला. कल्याण आणि वसई ही एकाच पाण्यावरची दोन बंदरं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी या खाडीत लढाऊ जहाजं बांधायला काढली, तेव्हा कारागीर आले ते वसईचे. रुई लैतांव व्हियेगस हा त्यांचा मुख्य. ही जहाजं उद्या आपल्याच अंगावर येतील हे वसईच्या कप्तानानं ओळखलं आणि १६५९ साली त्या कारागिरांना फोडून परत नेलं. महाराजांचं आरमार त्यानं थांबलं नाही, पण आपल्या खाडीच्या दोन टोकांचं नातं या प्रसंगाइतकं दुसऱ्या कशातून उमगत नाही.

वसई रोडला उतरलं की पश्चिमेकडून किल्ल्याची बस किंवा रिक्षा मिळते. वसई गाव मागं पडतं, झाडी वाढते आणि अचानक काळा तट समोर येतो. इथंच गाइडची पहिली गरज पडते. किल्ला म्हटलं की आपल्या मनात राजगड, रायगड येतात: चढ, बालेकिल्ला, टाकी, दारूकोठार. ते मनात धरून वसईत शिरलेला माणूस गोंधळतो. इथं चढ नाही. सुमारे साडेचार किलोमीटरच्या तटात एक अख्खं शहर होतं. त्यात रस्ते, चौक, बाजार, नगरपालिका, तुरुंग, इस्पितळ, कॉलेज, अर्धा डझन मठ आणि धनिकांचे दुमजली वाडे होते. १६७५ मध्ये आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरनं इथल्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असल्याची नोंद केली आहे. ठाणे, साष्टी, मुंबईची बेटं अशा उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार इथून चाले. पुढं इंग्रजांना आंदणात गेलेली मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालचं एक लहानसं ठाणं होतं.

आम्ही विठ्ठलवाडीकर गेलो तेव्हा जमिनीकडच्या दरवाज्यातून शिरताना आमच्या वसईकर मार्गदर्शकानं सगळ्यांना मध्येच थांबवलं. "काका, तुम्ही हत्ती घेऊन आलात असं समजा. आता सरळ धावत जाऊन दाखवा." जाता येत नाही. पहिला दरवाजा ओलांडला की वाट वळते, दुसरा दरवाजा आडवा येतो आणि वरच्या तटावरून मारा करणाऱ्याच्या पुढ्यात आपण सापडतो. एकट्यानं आलो असतो तर दोन कमानी पाहून पुढं गेलो असतो.

किल्ल्यातला सर्वांत जुना भाग म्हणजे आतला लहान कोट, साव सेबास्तियांव. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या दडपणाखाली होता. २३ डिसेंबर १५३४ रोजी त्यानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना तहात दिला. त्यानंतर गव्हर्नर नूनो द कुन्या यानं हा कोट बांधवला. त्याच्या दारावर पोर्तुगीज राजचिन्ह, क्रूस आणि कड्याकड्यांचा खगोलयंत्राचा गोल कोरलेला आहे. समुद्रावर मालकी सांगणाऱ्या राजाची ती मोहोर.

तिथून सेंट जोसेफ कॅथीड्रलकडं. उंच बुरुजासारखा मनोरा अजून उभा आहे. प्रवेशद्वारावर पोर्तुगीज भाषेत कोरलेली शिळा आहे. १६०१ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस असताना हे चर्च नव्यानं बांधलं, असा तिचा मजकूर. वाचता येत नसेल तर ती नुसती नक्षी. वाचून दाखवली की साल लक्षात येतं आणि सालावरून राजा: तेव्हा स्पेनच्या गादीवर तिसरा फेलिपे होता. नुसती तारीख कळल्यानं एका पडक्या भिंतीचा संबंध थेट माद्रिदशी, मनिलाशी, मेक्सिकोशी जोडला जातो, कारण ही सारी ठाणी तेव्हा एकाच माणसाच्या नावानं चालत होती. याच सुमाराला वसईचा काळा दगड जहाजांतून गोव्याला जात होता. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूस बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरचं काळं कोरीव काम वसईच्या दगडात आहे. ती बॅसिलिका १५९४ ते १६०५ या काळात बांधली गेली.

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग हा वसईतला सर्वांत देखणा तुकडा. खोबणीदार खांब, त्यांवर पानांची शीर्षं, मधोमध येशूच्या नावाची मोहोर. कितीतरी गाण्यांचं चित्रीकरण या किल्ल्यात झालं आहे. २०१६ साली कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या गाण्यातही तो दिसला. जेझुइटांच्या कमानीखाली उभं राहून मला मात्र ऐकायची असते ती गोन्सालो गार्सियाची गोष्ट. पोर्तुगीज बाप आणि वसईची आई यांचा हा मुलगा १५५६ च्या सुमारास जन्मला आणि याच जेझुइटांकडं शिकला. त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा अस्खलित शिकला, व्यापारात पडला, मग स्पॅनिश अंमलाखालच्या मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन पंथात बंधू म्हणून दाखल झाला. फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरनं १५९३ साली जपानच्या हिदेयोशीकडं पेद्रो बौतिस्ता या धर्मगुरूला वकील म्हणून धाडलं, तेव्हा दुभाषी म्हणून बरोबर होता तो हा वसईचा मुलगा. पुढं सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यातून संशय वाढला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं गेलं. त्यांत गोन्सालोही होता. १८६२ साली पोपनं या सगळ्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव आहे. ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या शाळांतून मात्र हे नाव मुलांच्या कानावर पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली बघून चालावं लागतं. जमिनीत समाधिशिला बसवल्या आहेत, काहींवर घराण्यांची चिन्हं, काहींवर नावं आणि सालं. गाइडनं बाटलीतलं पाणी एका शिळेवर ओतलं आणि पुसट अक्षरं उठून दिसली. मात्र खडू, हळद, रांगोळी असलं काही त्या दगडांवर घासू नये. हे सांगणारा आणि वेळ पडली तर अडवणारा गाइडच निवडावा. दगडाला इजा होऊ न देण्याची जबाबदारी त्यानं स्वतःची मानली पाहिजे.

या शहराला उतरती कळा मराठ्यांशी झालेल्या लढाईच्या आधीच लागली होती. स्पेनचे शत्रू डच आणि इंग्रज हे स्पेनच्या अमलाच्या त्या साठ वर्षांत आपोआप पोर्तुगीजांचेही शत्रू झाले होते. १६१८ च्या मे महिन्यात भयंकर वादळानं वसई झोडपली. १६२२ मध्ये होर्मुझ पोर्तुगीजांच्या हातून गेलं आणि आखाताचा व्यापार आटला. १६९५ मध्ये आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाला साथीमुळं शहराचा मोठा भाग ओस पडलेला दिसला.

मग १७३९. ठाणे १७३७ मध्येच मराठ्यांच्या हाती आलं होतं. चिमाजी आप्पांनी फेब्रुवारीत वसईला वेढा आवळला. तिन्ही बाजूंना पाणी आणि दलदल असल्यानं हल्ला उत्तरेच्या जमिनीकडूनच करणं भाग होतं. त्या बाजूला साव सेबास्तियांव नावाचाच एक बुरूज होता. त्याच्याखाली सुरुंग पेरले गेले. मे महिन्यात ते उडाले, खिंडार पडलं, तिथं तुंबळ झुंज झाली आणि मराठ्यांची हजारो माणसं पडली. १६ मे रोजी पोर्तुगीजांच्या वतीनं कायतानो द सूझा परेरा यानं शरणागतीची कलमं मान्य केली. पोर्तुगीजांना शस्त्रांसह, सन्मानानं बाहेर पडण्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली आणि मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभाही मिळाली. त्या खिंडाराजवळ उभं राहून ही कलमं ऐकावीत असं मला वाटतं. अफाट रक्त सांडल्यावरही जिंकणाऱ्यानं शब्द पाळला. वसईत आजही कादोडी बोलणारे ख्रिस्ती, कोळी, सोमवंशी, आगरी शेजारी-शेजारी नांदतात, त्याच्या मुळाशी त्या दिवशीच्या या कलमांचाही भाग आहे. किल्ल्यातलं नागेश्वराचं देऊळ, वज्रेश्वरीचं देऊळ आणि चिमाजी आप्पांचा पुतळा ही या पर्वाची ठिकाणं. चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला, त्याबद्दल मात्र गाइड दोन वाक्यांत बोलून पुढं गेला, आणि मीही तेच करतो.

शेवटी समुद्राकडचा दरवाजा. खिळ्यांची सागवानी दारं, आणि बाहेर किल्लाबंदरची कोळीवस्ती, सुकत घातलेली मासळी, होड्या. जेवण इथं जवळपास किंवा वसई गावात करावं.

दिवस आखताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघावा. सकाळी आठपर्यंत किल्ल्यात असावं, बूट घालावेत, पाणी बरोबर न्यावं, वीसपेक्षा मोठा गट करू नये, कारण मागच्यांना ऐकू जात नाही. किल्ले वसई मोहीम ही स्थानिक इतिहासप्रेमींची संस्था इथं स्वच्छता आणि अभ्याससफरी करत आली आहे. अशा जाणत्या माणसांना आधी गाठावं आणि त्यांच्या श्रमाचं योग्य मानधन द्यावं. तोलेदोत तिकिटाला मोजावे लागतात तेवढे पैसे आपण इथं द्यायला कचरतो, हे बरं नाही. घरून अभ्यास करून जायचं असेल तर गर्सन द कुन्या यांचं चौल आणि वसईवरचं १८७६ सालचं इंग्रजी पुस्तक आजही उपयोगी आहे.

परतीच्या मेमूत आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, की कल्याणला असं कुणी का दाखवत नाही? कल्याणलाही तट होता. शाहजहानच्या काळात सुरू झाला, औरंगजेबाच्या अमलात १६९४ ला पुरा झाला. त्याला चार दरवाजे आणि अकरा बुरूज होते. तो तट गेला, पण दुर्गाडी आहे, काळा तलाव आहे, त्याच्या काठची १६४३ ची काळी मशीद आहे, नवाब महातबरखानाची कबर आहे, आणि खाडीकाठचं बंदर आहे जिथं वसईचे सुतार जहाजं बांधायला आले होते. एका सकाळी पायी होण्याजोगी ही फेरी आहे. येत्या जानेवारीत ती सुरू करायची असं आम्ही विठ्ठलवाडीकरांनी ठरवलं आहे, आणि वसईच्या मार्गदर्शकालाच पहिल्या फेरीला बोलावलं आहे.