कॉलेजच्या मीटिंगला कोण बसतं?

आम्ही पालीच्या बचत गटातल्या बायका. उत्तन आणि चौकच्या शेजारी, समुद्राला लागून आमचं गाव. कागदोपत्री आम्ही मिरा-भाईंदर महानगरपालिकेत, म्हणजे शहरात. पण घरं अजून मावऱ्यावर चालतात. पहाटे बाजार, दुपारी वलांडीवरचे बोंबील, संध्याकाळी गटाची वही.

आजचा विषय आहे कॉलेजचा कारभार. तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? मुलीला कॉलेजात घातली, फी भरली, झालं. पण मैत्रिणींनो, फी किती घ्यायची, कोणता नवा कोर्स सुरू करायचा, मुलींसाठी स्वच्छतागृह कधी बांधायचं, हे कुठेतरी बसून कोणीतरी ठरवतंच ना? ती माणसं कोण आणि आपला शब्द त्यांच्यापर्यंत कसा पोचवायचा, एवढंच आज समजून घेऊ.

आधी आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. शाळेची व्यवस्थापन समिती बहुतेकींना माहीत आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात ही समिती सांगितली आहे. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात, आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम बघतात. म्हणजे चौथी शिकलेली आईसुद्धा त्या खुर्चीवर बसू शकते. आपल्यातल्या कितीतरी जणी बसल्याही आहेत. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेला पैसा कुठे खर्च झाला ते बघणं, ही त्या समितीची कामं.

आता मुलगी बारावी होते आणि कॉलेजात जाते. तिथे काय होतं?

आपल्या विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने चालतो. १ मार्च २०१७ पासून तो लागू आहे. त्याच्या ९७ व्या कलमात सांगितलं आहे की विद्यापीठाशी जोडलेल्या प्रत्येक कॉलेजात ‘महाविद्यालय विकास समिती’ असली पाहिजे. स्वायत्त कॉलेजांचं नियामक मंडळ वेगळं असतं, पण आपल्या मुली जातात त्या बहुतेक साध्या कॉलेजांत हीच समिती असते.

या समितीत कोण कोण असतं ते बोटांवर मोजू या. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, तेच समितीचे अध्यक्ष. संस्थेचे सचिव किंवा त्यांचा माणूस. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख. शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक बाई. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक कर्मचारी. शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य, त्यांत किमान एक त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. कॉलेजची गुणवत्ता बघणाऱ्या कक्षाचे समन्वयक. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव. शेवटी प्राचार्य, ते सदस्य-सचिव. झाले पंधरा.

ऐकलंत ना? पंधरा जणांत पालकांची जागा एकही नाही. बायकांसाठी हक्काने राखलेली जागा एक, तीही शिक्षिकेची. शाळेत निम्म्या खुर्च्या आपल्या होत्या. मुलगी अठरा वर्षांची झाली की आपण एकदम दाराबाहेर.

यामागे एक विचार आहे, तोही समजून घ्यायला हवा. कॉलेजातला विद्यार्थी सज्ञान असतो, त्याने स्वतःचं स्वतः बोलावं, म्हणून जागा पालकांना न देता विद्यार्थी परिषदेला दिली. विचार चुकीचा नाही. पण फी आईच्या पाटीतून जाते. ज्या घरात मुलगी पहिल्यांदाच कॉलेजात जाते आहे, तिथे ती मुलगी मीटिंगमध्ये उठून फीबद्दल बोलेल, अशी अपेक्षा करणं अवघड आहे.

आपल्या राज्याच्या शिक्षणाची गोष्ट आठवा. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शिक्षणासाठी बायकांनी द्यायचं, ही रीत जुनी आहे. आता विचारायचीही रीत पाडू या.

ही समिती करते तरी काय? कायद्याने तिला बरीच कामं दिली आहेत. कॉलेजच्या विकासाचा आराखडा करायचा. वर्षाचं अंदाजपत्रक तयार करायचं. नवे कोर्स सुरू करण्याची शिफारस संस्थेला करायची. प्रवेशाची पद्धत नियमात बसवून ठरवायची. शिस्त आणि सुरक्षिततेबद्दल सूचना करायच्या. तपासणीचे आणि हिशेबाचे अहवाल बघायचे. आणि वर्षातून किमान चार वेळा बसायचं. आपला गट महिन्याला बसतो, त्या मानाने चार म्हणजे काहीच नाही. म्हणून आपलं म्हणणं मीटिंगच्या आधी पोचलं पाहिजे. मीटिंग होऊन गेल्यावर गेलो तर तीन महिने थांबा.

आता आमच्या गावातलं एक उदाहरण सांगतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, खलाशी गावी गेलेले, घरात रोख पैसा नाही. आणि कॉलेजचे प्रवेश नेमके कधी? जून-जुलैतच! सगळी फी एकदम भरायची म्हटलं की सावकार नाहीतर सोनं. दोन वर्षांपूर्वी गटातल्या तीन आया एका कॉलेजच्या खिडकीवर गेल्या आणि हप्ते मागितले. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, तशी पद्धत नाही. दोघी गळ्यातलं काढायला निघाल्या होत्या. तिसरी म्हणाली, थांबा, खिडकीवरचा माणूस ठरवत नाही, ठरवणारे वेगळे आहेत.

मग आम्ही गटात बसून अर्ज लिहिला. प्राचार्यांच्या नावाने, कारण समितीचे सदस्य-सचिव तेच. अर्जात चारच गोष्टी लिहिल्या. आम्ही कोण. मासेमारी बंदीचे दोन महिने आणि प्रवेशाचे दोन महिने एकच आहेत. म्हणून फी दोन हप्त्यांत घ्यावी, दुसरा हप्ता ऑक्टोबरमध्ये, तेव्हा मावरं आलेलं असतं. आणि हा विषय विकास समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये घ्यावा. खाली सव्वीस सह्या, सहा अंगठे. आवक-जावक टेबलावर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

लगेच जादू झाली नाही. त्या वर्षी एकीला सोनं ठेवावंच लागलं. पण विषय मीटिंगला आला, विद्यार्थी परिषदेच्या मुलीने तो लावून धरला, आणि पुढच्या वर्षीपासून अर्ज करणाऱ्याला दोन हप्ते मिळू लागले. हा नियम फक्त कोळ्यांच्या मुलींसाठी झाला नाही, सगळ्यांसाठी झाला. भातशेतीवाल्या आणि रोजंदारीवाल्या आयाही आता हप्ते घेतात.

यातून आम्ही जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, तोंडी बोलू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. गटाच्या वहीत नाही ते घडलंच नाही, असं आपण म्हणतो ना? कॉलेजातही तसंच.

दुसरी गोष्ट, चार स्थानिक सदस्य कोण आहेत ते विचारा. त्यांत समाजसेवेच्या क्षेत्रातली व्यक्ती घेता येते. बचत गटाचं किंवा महासंघाचं काम वर्षानुवर्षं करणारी बाई तिथे का नसावी? ही नेमणूक संस्था प्राचार्यांशी बोलून करते. नाव सुचवायला कुणाची मनाई नाही. माजी विद्यार्थ्याच्या जागेवर आपल्या गावातून शिकून गेलेली मुलगी बसू शकते.

तिसरी गोष्ट, तक्रारीची वाट वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यात किमान एक बाई हवी. तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. जास्तीची फी, अडवलेला निकाल, प्रवेश रद्द केल्यावर न परतलेले पैसे, अशा गोष्टी तिथे न्यायच्या. मुलीची मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कॉलेजने अडकवून ठेवायचा नसतो, हेही लक्षात ठेवा. आणि कुणी मुलीला त्रास दिला, अंगलट केली, तर त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तिची अध्यक्ष बाईच असते आणि निम्म्या सदस्य बायका असतात. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

चौथी गोष्ट, कागद मागता येतात. अनुदानित कॉलेज सरकारच्या पैशावर चालतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त मागता येतं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला ते दहा रुपयेही लागत नाहीत. पण आधी गोडीत विचारावं, बऱ्याचदा तेवढ्यावरच कागद मिळतो.

आता कॉलेजच्याही वर चला. आमच्याकडची कॉलेजं मुंबई विद्यापीठात येतात. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांचं आहे. त्याचीही एक मोठी सभा असते, तिला अधिसभा किंवा सिनेट म्हणतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प या सभेपुढे येतो आणि सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. या सभेत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. त्यांतली एक जागा बाईसाठी, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त व इतर मागासवर्ग यांच्यासाठी एकेक जागा राखलेली असते.

ही निवडणूक बराच काळ लांबत लांबत अखेर २४ सप्टेंबर २०२४ ला झाली. मतदार किती होते माहीत आहे? सुमारे तेरा हजार. सात जिल्हे, लाखो पदवीधर, आणि यादीत नावं तेरा हजार! कारण पदवी मिळाली म्हणून आपोआप मत मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत पदवीधर म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्या घराघरांत आता पदवीधर सुना-लेकी आहेत. आमच्या गटात आम्ही विचारलं तर एकीचंही नाव यादीत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या नाहीतर पालिकेच्या मतदार यादीत नाव नसेल तर आपण घर डोक्यावर घेतो. मग ही यादी का सोडायची? पुढची नोंदणी निघेल तेव्हा सुनेची पदवी ट्रंकेतून बाहेर काढा.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने व्यावसायिक कोर्सना जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली आहे. ही सवलत आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. प्रवेश सरकारी यादीतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून नको. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, कारण जूनमध्ये तहसीलला रांग लागते. कॉलेजने तरीही पूर्ण फी मागितली तर कोणत्या नियमाने मागता, ते लिहून द्या असं म्हणा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. कोणाची मुलगी कोणत्या कॉलेजात आहे, त्याची वहीत यादी करा. एका कॉलेजात तीन-चार मुली निघाल्या की त्या आयांनी मिळून प्राचार्यांना भेटा. तीनच प्रश्न विचारा: विकास समितीत कोण कोण आहे? पुढची मीटिंग कधी आहे? आमचा अर्ज त्यात घ्याल का? एकटी बाई गेली की तिला खिडकीवरून परत पाठवतात, चौघी गेल्या की खुर्ची देतात. आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात ते सगळ्यांना वाचून दाखवू.