रूळ गेले, वाट राहिली

सायकलवरून लांबची सहल म्हटली की घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभा राहतो तो ट्रक! मागून कर्कश हॉर्न, पुढे धुराचा लोट आणि बाजूला उतरायला धड जागा नाही. अशा रस्त्यावर बायकामुलांना घेऊन कोण जाणार? ही धास्ती केवळ भारतातच आहे असे नाही. युरोपातल्या आईवडिलांनाही ती वाटते. स्पेनने मात्र तिच्यावर एक सोपा तोडगा काढला. जिथून आगगाड्या धावणे बंद झाले, असे जुने लोहमार्ग त्या देशाने पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या हवाली केले. १९९३ साली सुरू झालेल्या या योजनेचे नाव 'वीया वेर्दे', म्हणजेच हिरवी वाट. आज अशा वाटांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

त्यांतलीच एक वाट कॅटालोनियाच्या दक्षिण टोकाला, भूमध्य समुद्रापासून थोडी आत, 'तेर्रा आल्ता' नावाच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातून जाते. आर्नेस गावाजवळच्या जुन्या स्टेशनापासून निघावे, डोंगर उतरत एब्रो नदी गाठावी आणि नदीच्या काठाकाठाने तोर्तोसा शहरात पोहोचावे. अंतर पन्नासएक किलोमीटर. तरबेज सायकलस्वार हे अंतर अर्ध्या दिवसात कापतो. पण इथे घाई करणाऱ्याला काहीच दिसत नाही. दोन दिवस हातात असावेत.

चढ जेमतेम, वळण हलके

आगगाडीचे इंजिन तीव्र चढ चढू शकत नाही. म्हणून लोहमार्ग बांधणारे डोंगर आला की बोगदा खोदतात, दरी आली की पूल बांधतात आणि चढ अगदी हळूहळू वाढवत नेतात. इंजिनासाठी घेतलेली ही सारी मेहनत आता सायकलवाल्याच्या पथ्यावर पडते. आर्नेसहून तोर्तोसाकडे जाताना तर बहुतेक वाट उताराचीच. त्यातून पाठीमागून वायव्येचा वारा असला, तर दहा वर्षांचे मूलही दमत नाही.

तेर्रा आल्ताच्या टप्प्यात वीसएक बोगदे आहेत. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत एकदम गारवा. काही बोगदे लहान, त्यांचे दुसरे तोंड समोर दिसते. काही मात्र वळणाचे. आत दिवे असले तरी ते लागतीलच याचा भरवसा नसतो. म्हणून सायकलला दिवा हवाच. बोगद्यातून बाहेर पडले की लगेच पूल, पुलाखाली कानालेतेस नदीची घळ आणि घळीत फोंतकाल्दाचे जुने देवस्थान. तिथे कोमट पाण्याचे झरे आहेत. दमलेले प्रवासी सायकली वर ठेवून खाली उतरतात आणि पाण्यात पाय सोडून बसतात.

समुद्र न दिसलेली रेल्वे

ही रेल्वे बांधण्यामागे एक मोठे स्वप्न होते. आरागॉन हा समुद्रकिनारा नसलेला प्रांत. तिथला माल थेट भूमध्य समुद्रावरच्या सांत कार्लेस दे ला रापिता बंदरात जावा, अशी ही कल्पना. वाल दे साफानचा लोहमार्ग या नावाने ती ओळखली गेली. पहिला टप्पा १८९५ साली खुला झाला. पण डोंगर, पैशाची चणचण आणि राजकारण यांत पुढचे काम रखडत गेले. तोर्तोसाला गाडी पोहोचायला १९४२ साल उजाडले. बंदरापर्यंत तर ती कधी गेलीच नाही.

मधल्या काळात या मुलखावरून यादवी युद्धाचा वरवंटा फिरला. १९३८ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत एब्रोची लढाई चालली. स्पेनच्या यादवी युद्धातली ती सर्वांत मोठी आणि सर्वांत रक्तरंजित लढाई. कोर्बेरा दे एब्रो हे टेकडीवरचे गाव बाँब आणि तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झाले. जुने गाव पुन्हा बांधले गेले नाही. छप्पर नसलेली घरे आणि पडके चर्च तसेच जतन करून ठेवले आहे. लोहमार्गाच्या उरलेल्या कामावर नंतर पराभूत पक्षाच्या कैद्यांना जुंपण्यात आले. ज्या बोगद्यांतून आज मुले घंटा वाजवत जातात, त्यांच्याशी या माणसांचा घाम निगडित आहे.

तोर्तोसापर्यंतच्या या मार्गाला आयुष्य मिळाले ते अवघे ३१ वर्षांचे. १९७३ साली एका बोगद्यात दरड कोसळली. तोट्यातला मार्ग दुरुस्त करण्यात सरकारला रस उरला नव्हता. गाड्या थांबल्या त्या कायमच्या.

भारतीय प्रवाशाला इथे एक गंमत आढळेल. जगातल्या बहुतेक देशांत रूळ अरुंद, पण स्पेनचे जुने लोहमार्ग रुंद. त्या रुळांमधले अंतर १६६८ मिलिमीटर, तर आपल्या ब्रॉडगेजचे १६७६. फरक फक्त ८ मिलिमीटरचा! त्यामुळे इथले बोगदे आणि पूल पाहताना आपल्या घाटांची आठवण झाली तर नवल नाही.

नागपूरचा 'जॉन स्मिथ'

या मातीशी एका मराठी माणसाचेही नाते आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तिथे त्यांच्या विचारांनी वेगळे वळण घेतले. फ्रँकोच्या सैन्याशी लढायला देशोदेशींचे तरुण स्पेनकडे निघाले होते. हुद्दारही 'जॉन स्मिथ' हे नाव घेऊन आंतरराष्ट्रीय पथकात दाखल झाले. १९३८ च्या एप्रिलमध्ये तेर्रा आल्ताचे मुख्य गाव असलेल्या गांदेसाच्या परिसरात ते शत्रूच्या हाती सापडले. काही महिने कैदेत काढल्यावर त्यांची सुटका झाली आणि ते भारतात परतले. त्याच वर्षी जूनमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सेलोनाला जाऊन आले होते. गांदेसाच्या वेशीवरून सायकल हाकताना मराठी माणसाने इतके तरी ध्यानात ठेवावे.

द्राक्षवेली मांडवाविना

आपल्याकडे सांगली-नाशिकच्या बागांत वेली मांडवावर किंवा तारांवर चढवलेल्या असतात. इथल्या जुन्या मळ्यांत तसे काही दिसत नाही. गुडघ्याइतके बुटके, जाड खोडाचे झुडूप स्वतःच्या बळावर उभे असते. पाऊस थोडा, ऊन आणि वारा फार. अशा हवेत वेल जमिनीलगत ठेवली तर ती तग धरते, हा इथल्या शेतकऱ्यांचा पिढ्यांचा अनुभव. पांढरी गार्नाचा ही या भागाची खास जात. मळ्यांच्या अधूनमधून ऑलिव्ह आणि बदामाची झाडे. फेब्रुवारीत बदाम फुलला की उतारच्या उतार पांढरे-गुलाबी होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभर द्राक्षवेलींची मुळे पोखरली. कॅटालोनियाचे मळेही वाचले नाहीत. अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलमे करून लागवड पुन्हा उभी करावी लागली. एकट्यादुकट्या लहान शेतकऱ्याला तो खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी सहकाराची कास धरली. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

या सहकारी संस्थांनी मद्यनिर्मितीसाठी ज्या इमारती बांधल्या, त्या पाहण्यासारख्या आहेत. गांदेसा आणि पिन्येल दे ब्राई इथल्या इमारती सेझार मार्तिनेल या वास्तुतज्ज्ञाने उभारल्या. हा जगप्रसिद्ध गौडीचा शिष्य. लोखंड महाग, म्हणून त्याने विटांच्या उंच कमानींवर छप्पर पेलले. काटकसरीपोटी केलेल्या या रचनेला असे काही रूप आले, की नाटककार आंजेल गिमेरा याने अशा इमारतींना मद्याची कॅथेड्रल म्हटले. पिन्येलच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांचा लांबच लांब चित्रपट्टा आहे. त्यात द्राक्षतोडणी आणि तेलाचे घाणे चितारले आहेत.

वाटेवरून थोडे बाजूला गेल्यास ओर्ता दे सांत जोआन हे टेकडीवरचे गाव लागते. १८९८ साली आजारातून उठलेला सोळा वर्षांचा पिकासो हवापालटासाठी आपल्या मित्राच्या या गावी आला. १९०९ मध्ये तो पुन्हा आला आणि इथली चौकोनी घरे त्याच्या नव्या शैलीतल्या चित्रांत उतरली. याच गावाच्या रानात २००९ च्या जुलैमध्ये वणवा पेटला आणि त्यात अग्निशामक दलाचे पाच जवान बळी गेले. उन्हाळ्यात इथे काडी ओढण्याआधी माणसे दहा वेळा विचार करतात ते यामुळेच.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळावे. बार्सेलोनाहून तोर्तोसाला रेल्वेने अडीच तासांच्या आसपास लागतात. तिथे सायकली भाड्याने मिळतात, आणि सायकल देणारेच प्रवाशांना गाडीने वर आर्नेसपर्यंत सोडतात. दोन स्टेशनांच्या मध्ये दुकान लागत नाही, म्हणून पाणी भरपूर घ्यावे. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल घातले की इथली न्याहारी तयार! मद्य न घेणाऱ्याने तेल आणि बदाम घरी आणावेत.

शेवटच्या टप्प्यात द्राक्षमळे मागे पडतात. शेर्ताच्या संत्राबागा, नदीवरचा जुना बंधारा, रोकेतेसजवळची १९०४ पासूनची वेधशाळा पाहत वाट तोर्तोसात शिरते.

तेर्रा आल्तात गावे बारा आणि सगळी मिळून लोकवस्ती बारा हजारांच्या आतबाहेर. तरुण मुले शहराकडे जातात, ही तिथलीही तक्रार आहे. हिरव्या वाटेने ती मिटलेली नाही. पण काही पडक्या स्टेशनांत पुन्हा चूल पेटली आहे, राहायला खोल्या झाल्या आहेत, आणि सहकारी संस्थेच्या दारात परगावच्या सायकली उभ्या राहू लागल्या आहेत. सप्टेंबरात द्राक्षांनी भरलेला ट्रॅक्टर वाट ओलांडू लागला की सायकलस्वार थांबून त्याला आधी जाऊ देतात. या वाटेवर वाहतुकीचा खोळंबा झालाच तर तो एवढाच.