डासानं एचआयव्ही कायले नाही होत?

अकोल्यात मोर्णा नदीच्या आसपास राहणाऱ्यांना डासांची ओळख करून द्यायला नको. तिथल्या एखाद्या चौकस पोराला कधी ना कधी प्रश्न पडणारच: मलेरिया डासानं होतो, डेंगू डासानं होतो. एचआयव्ही तर रक्तातून पसरतो म्हणतात, मंग तो डासानं कायले नाही होत?

प्रश्न फक्कड आहे! पण उत्तराआधी या विषाणूची करामत बघू.

आठ-दहा हजार एचआयव्ही ओळीनं उभे केले, तर ओळ जेमतेम १ मिलिमीटर भरेल. त्याची सगळी माहिती आरएनए नावाच्या धाग्यावर असते, १० हजारांहूनही कमी अक्षरांत. आपल्या डीएनएत अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं! आपल्या पेशी डीएनए वाचून आरएनए लिहितात. हा गडी उलटा. आरएनए वाचून डीएनए लिहितो आणि तो चक्क आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवून देतो. मग ती बिचारी पेशी, आपलंच काम समजून, त्याच्या नकला काढत बसते. शिवाय लिहिताना तो चुकतो फार, म्हणून सतत नवी रूपं घेतो. त्याच्यावर अजून लस निघाली नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

आणि तो शिरतो कुठल्या पेशीत? सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशीत. ही पेशी म्हणजे दवंडी देणारा गावचा कोतवाल. जंतू आला की ती बाकीच्या पेशींना खबर देते, तेव्हा त्या लढायला निघतात. एचआयव्ही नेमका तिलाच गाठतो. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी एरवी ५०० ते १५०० असतात. औषध घेतलं नाही तर त्या हळूहळू घटतात. कित्येक वर्षं माणूस ठणठणीत दिसतो. संख्या २०० च्या खाली गेली की एड्स झाला म्हणतात. मग क्षयासारखे रोग संधी साधतात.

आता डासाकडे वळू. डासाच्या सोंडेत दोन वेगळ्या वाटा असतात. एकीतून तो लाळ सोडतो, दुसरीतून रक्त ओढतो. आधी प्यालेलं रक्त तो तुम्हाला टोचत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या अंगात वाढतो आणि त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. एचआयव्हीला तिथं सीडी४ पेशीच मिळत नाहीत. बाप्पा, डासाच्या पोटात तो पचूनच जातो!

त्याच्या खऱ्या वाटा मोजक्याच: बाधित रक्त, एकमेकांची वापरलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध, आणि बाधित आईकडून बाळाला. आईला वेळेवर औषध मिळालं, तर बाळ बहुतेक वेळा वाचतं.

हा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. भारतात तो आहे हे १९८६ मध्ये उघड झालं, चेन्नईत. हा शोध लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन मूळच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिनं रक्ताचे नमुने जमवले, घरच्या फ्रिजमध्ये जपले आणि तपासायला रेल्वेनं वेल्लोरला नेले. घरचा फ्रिज आणि रेल्वेचा डबा! एवढ्या मोठ्या शोधाला एवढीच साधनं, आणि ती पुरली.

आज अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात. ती विषाणूला नकला काढू देत नाहीत. पेशीत दडून बसलेला विषाणू मात्र हटत नाही, म्हणून गोळी रोज, जन्मभर. नेमानं घेतली तर रक्तात विषाणू चाचणीलाही सापडेनासा होतो. अशी माणसं शाळेत जातात, नोकरी करतात, म्हातारी होतात.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. डासाला निर्दोष ठरवणारी माणसंसुद्धा एचआयव्ही असलेल्या पोराशेजारी आपलं पोर बसू देत नाहीत. एका बाकावर बसून, एका डब्यातलं खाऊन, गळ्यात गळे घालून, कबड्डीत पकडून हा विषाणू पसरत नाही. एचआयव्ही असलेल्यांना वेगळं काढायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. तुम्ही मात्र खुशाल डबा वाटून खा. आणि आणखी काही विचारायचं असेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनला फोन लावा.