दहावी-अकरावीच्या मुलांनो, एक दिवस दवाखान्यात बसा!

रावेतच्या माझ्या दवाखान्यात काल अकरावीतली एक मुलगी दिवसभर सोबत होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय.

पहिला पेशंट लॅब्रॅडॉर. अंगाला हात लावून ती म्हणाली, "सर, ताप आहे." थर्मामीटरवर 102 फॅरनहाइट. कुत्र्याला हे नॉर्मलच!

मग हिरडी दाबून दाखवली. पांढरी पडलेली जागा दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय, थांबायचं नाही. ती प्रत्येक पेशंटची हिरडी बघत राहिली. फार बरं वाटलं.

तुम्हालाही जनावरांचं डॉक्टर व्हायचं असेल, तर बारावीला बायोलॉजी, मग नीट, पुढे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी. आपल्याला जवळचं सरकारी कॉलेज शिरवळला. मुंबईचं तर 1886 पासूनचं.

कुणाला काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.