ब्राउझरमधला घरभेदी

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला मागाहून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. जाहिराती अडवणे, पीडीएफ उघडणे, पानाचा स्क्रीनशॉट घेणे, रोमन कळफलकावरून देवनागरी टाइप करणे अशा बारीकसारीक कामांसाठी तो बसवला जातो. काम बारीक असले तरी त्याला मिळणारा अधिकार मोठा असू शकतो. बसवताना येणाऱ्या चौकटीत ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाची ओळ असेल, तर तेव्हापासून उघडलेले जवळजवळ प्रत्येक पान एक्स्टेन्शनच्या नजरेखालून जाऊ शकते. बँकेच्या पत्त्याच्या सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ही इथे कामाला येत नाही. ते संरक्षण बँकेच्या सर्व्हरपासून ब्राउझरपर्यंतच्या वाटेचे आहे, आणि एक्स्टेन्शन बसलेले असते ती वाट संपते तिथे, घराच्या आत.

मात्र अशी परवानगी मागणारे प्रत्येक एक्स्टेन्शन लबाड असते असे नाही. कोणत्याही पानावर देवनागरी उमटवायची किंवा जाहिरात झाकायची, तर प्रामाणिक एक्स्टेन्शनलाही हीच परवानगी लागते. तिच्यावरून चोर ओळखता येत नाही. चोर निघालाच तर काय काय नेऊ शकेल, एवढे कळते.

शिवाय पुष्कळदा एक्स्टेन्शन आधी खरोखरच चांगले असते आणि नंतर बिघडते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे त्याचे बोलके उदाहरण. वापरात नसलेले टॅब झोपवून संगणकाची मेमरी वाचवणारे हे क्रोमचे एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. जून २०२०मध्ये मूळ निर्मात्याने ते विकून टाकले. नवा मालक कोण, हे वापरणाऱ्यांना कळले नाही. पुढच्या आवृत्तीत बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवण्याची सोय आढळली, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने एक्स्टेन्शन मालवेअर ठरवून स्टोअरमधून काढले, लोकांच्या संगणकांवरही बंद केले. त्यासरशी अनेकांचे झोपवलेले टॅब गायब झाले. एक्स्टेन्शनची मालकी बदलली तरी ब्राउझर वापरणाऱ्याला विचारत नाही. नव्या आवृत्तीला जादा अधिकार हवे असतील तरच तो थांबवून विचारतो. सगळे अधिकार आधीच दिलेले असतील, तर अपडेट गुपचूप होऊन जाते.

निर्माता प्रामाणिक राहिला तरी त्याची किल्ली चोरीला जाऊ शकते. डिसेंबर २०२४मध्ये ‘सायबरहेवन’ या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत तेच झाले, आणि ही कंपनी डेटाचे रक्षण करण्याच्याच धंद्यातली. क्रोम वेब स्टोअरकडून आल्याचे भासवणारी एक ईमेल नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या कर्मचाऱ्याकडे आली. त्यातल्या दुव्यामुळे एका बनावट अ‍ॅपला एक्स्टेन्शन प्रकाशित करण्याचा अधिकार मिळाला. चोरांनी घातक आवृत्ती स्टोअरवर चढवली आणि सुमारे चार लाख वापरकर्ते असलेल्या त्या एक्स्टेन्शनच्या नेहमीच्या अपडेटनेच ती पसरू लागली. डोळा होता फेसबुकच्या खात्यांवर, विशेषतः जाहिरातींसाठी वापरल्या जाणाऱ्या. त्याच मोहिमेत आणखीही बरीच एक्स्टेन्शन सापडली. यात वापरणाऱ्याची चूक शोधून सापडणार नाही.

बिघाडाची लक्षणे मात्र पुष्कळदा ठळक असतात. सर्च इंजिन आपोआप बदलते, शोधलेला शब्द दोन-तीन अनोळखी पत्त्यांवरून फिरून निकालापर्यंत पोचतो, होमपेज भलतेच उघडते, एरवी स्वच्छ असलेल्या पानांवर जाहिराती दिसू लागतात. पण लक्षण दिसले की एक्स्टेन्शनच दोषी, असे धरून चालत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा सूचना सारख्या येत असतील, तर बहुधा कुठल्याशा वेबसाइटला कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. तिथे एक्स्टेन्शन काढत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ती परवानगी रद्द केली की सूचना थांबतात. अँड्रॉइड फोनवरचा क्रोम तर एक्स्टेन्शन घेतच नाही. तिथल्या जाहिरातींचे मूळ नोटिफिकेशनमध्ये किंवा एखाद्या अ‍ॅपमध्ये शोधावे लागते.

संशय पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहणे. वापरणाऱ्याने मुद्दाम मुभा दिली नसेल तर तिथे क्रोमची एक्स्टेन्शन चालत नाहीत. त्रास तिथे थांबला, तर संशय बळावतो. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूतला ‘ट्रबलशूट मोड’ हेच काम करतो. मग एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन सगळी बंद करायची आणि एकेक सुरू करत जायचे. पंधरा-वीस असतील तर निम्मी सुरू, निम्मी बंद असे करत गेल्यास गुन्हेगार चार-पाच फेऱ्यांत हाती लागतो. एक अडचण राहते. काही घातक एक्स्टेन्शन बसवल्यानंतर मुद्दाम काही काळ गप्प राहतात, काही दर पाचदहा पानांमागे एखाद्याच वेळी हात मारतात. पाच मिनिटे शांततेत गेली म्हणून कुणाला निर्दोष ठरवू नये. नाव-चिन्हावरही विसंबू नये. प्रसिद्ध एक्स्टेन्शनच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून केलेल्या नकला नेहमीच्याच आहेत. क्रोममधली खरी ओळख म्हणजे त्याचा बत्तीस अक्षरी आयडी. तपशिलाच्या पानावर ते स्टोअरमधून आले की बाहेरून, हेही दिसते.

दोषी सापडल्यावर ‘काढून टाका’ बटण दाबले आणि काम झाले, असे अनेकदा होतेही. ते एक्स्टेन्शन परत येते, किंवा ते बटणच चालत नाही, तेव्हा मुळाशी जावे लागते.

परत येण्याची एक साधी वाट सिंकची असते. एकाच खात्याने घरच्या, दुकानातल्या आणि मुलाच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला असेल, तर एक्स्टेन्शनही त्या खात्याबरोबर फिरतात. अशा वेळी सिंक थांबवून सगळी यंत्रे तपासायची आणि मगच ते पुन्हा सुरू करायचे.

दुसरी वाट अधिक खोल आहे. कार्यालयांच्या सोयीसाठी क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज यांत ‘पॉलिसी’ची व्यवस्था आहे. आयटी विभाग तिच्याद्वारे ठरावीक एक्स्टेन्शन सगळ्या संगणकांवर सक्तीने बसवू शकतो आणि कर्मचाऱ्याला ते काढता येत नाही. मालवेअर हीच सोय घरच्या संगणकावर वापरते. ऑगस्ट २०२४मध्ये ‘रीझनलॅब्स’ या सुरक्षा कंपनीने अशी एक मोहीम उघड केली. तिच्या अंदाजानुसार किमान तीन लाख लोकांच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन सक्तीने घुसवली गेली होती. व्हीएलसी प्लेअरसारख्या ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या बनावट डाउनलोड पानांवरून इन्स्टॉलर उतरवला जाई. तो विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावून ठेवी, ते काम पॉवरशेलची स्क्रिप्ट चालवी आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नोंदींद्वारे एक्स्टेन्शन बसे. ते काढले तरी मूळ प्रोग्रॅम जागचा हलत नसे.

घरच्या संगणकावर ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ दिसली, तर याच प्रकाराची शंका घ्यावी. पत्त्याच्या जागी इंग्रजीत ‘क्रोम’, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असे लिहिले की लागू असलेल्या पॉलिसींची यादी उघडते. त्यात सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनच्या नोंदीपुढे तोच बत्तीस अक्षरी आयडी दिसला, की धागा सापडला. काही अँटिव्हायरस प्रोग्रॅमही पॉलिसी लावतात, म्हणून नुसत्या त्या ओळीने घाबरायचे कारण नाही. संगणक खरोखरच कार्यालयाचा असेल तर तर्क लढवत न बसता आयटी विभागाला विचारावे.

इथे क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. आधी बुकमार्क आणि महत्त्वाचे उघडे टॅब जपून ठेवायचे. मग त्रास सुरू झाला त्या सुमारास बसलेले अनोळखी प्रोग्रॅम काढायचे आणि टास्क शेड्युलरमधली संशयास्पद कामे पुसायची. विश्वासू अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी इथेच उरकून घ्यावी. त्यानंतर रजिस्ट्रीतल्या क्रोमच्या पॉलिसीच्या नोंदी काढायच्या. मॅकवर त्यांची जागा ‘प्रोफाइल’ घेतात. रजिस्ट्रीत सवय नसताना हात घालू नये. जाणत्याला बोलवावे आणि त्यानेही बदलण्याआधी नोंदींची प्रत घ्यावी. शेवटी एक्स्टेन्शन काढून ब्राउझर रिसेट करायचा. क्रोमच्या रिसेटमध्ये बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन नुसती बंद होतात, जात नाहीत. ती हाताने काढावी लागतात. फायरफॉक्सचे ‘रिफ्रेश’ ती काढूनच टाकते. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या गुणधर्मांत ब्राउझरच्या नावापुढे कुठला भलता पत्ता चिकटवला आहे का, हे पाहणे बरेच जण विसरतात. मग रोज सकाळी तेच पान उघडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ब्राउझर स्वच्छ झाला तरी बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. एक्स्टेन्शनला ब्राउझरची पासवर्डची तिजोरी थेट उघडता येत नाही, पण पानावर टाइप केलेले किंवा आपोआप भरलेले ते वाचू शकते. त्याहून धोकादायक असतात लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी. त्या चोराच्या हाती गेल्या तर ओटीपीही त्याला अडवत नाही, कारण ओटीपीचा टप्पा वापरणाऱ्याने आधीच ओलांडलेला असतो. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा, आणि ‘सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट’ करावे. जीमेलमध्ये पत्रे परस्पर दुसरीकडे पाठवणारा फिल्टर कुणी लावून ठेवला नाही ना, गूगल खात्यात अनोळखी अ‍ॅपला प्रवेश दिलेला नाही ना, हेही पाहावे. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार नोंदवायची. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते.

लागतील ती एक्स्टेन्शन यानंतर पुन्हा घ्यायची, तीही दोन-दोन दिवसांच्या अंतराने एकेक. त्रास पुन्हा उद्भवलाच तर कुणामुळे, हे शोधावे लागत नाही. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनची पोच ‘सर्व साइटवर’, ‘ठरावीक साइटवर’ किंवा ‘क्लिक केल्यावर’ अशी ठरवता येते. स्क्रीनशॉट घेणाऱ्याला तिसरी पुरते; देवनागरी टाइप करणाऱ्याला दुसरी देऊन बँकेची साइट त्या यादीबाहेर ठेवता येते.